खासदाराकडं मागायचं तरी काय?

वरूडच्या तहसील कचेरीबाहेर बसून मी अर्ज लिहितो. वारसाचा फेरफार, सातबाऱ्यातली चूक, पांदण रस्त्याचा वाद, फळपीक विम्याची तक्रार. पूर्वी हातानं लिहायचो, मग टाइपरायटर आला, आता लॅपटॉप आणि प्रिंटर आहे. धूळ तेवढी तीच. या धंद्यात एक जिन्नस हंगामी असतो : 'मा. खासदार साहेबांना सविनय निवेदन'. साहेबांचा दौरा लागला की आदल्या संध्याकाळी गावोगावची माणसं टेबलाशी येऊन उभी राहतात.

"भाऊ, खासदाराले निवेदन द्याचं हाये. लिहून द्या नं."

"काय मागता?"

"काय मांगाव? सभामंडप लिहा."

सभामंडप, हायमास्ट दिवा, स्मशानभूमीचं शेड, वॉल कंपाउंड, गेल्या काही वर्षांपासून ओपन जिम. मजकूर इतका पाठ झालाय की गावाचं नाव बदललं की काम झालं. मी लिहून देतो, पैसे घेतो. पण सभामंडपासाठी लोकसभेपर्यंत जायचं कारण मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. तो ग्रामपंचायत बांधू शकते, फार तर आमदार निधी देतील. बांगलादेशानं आपल्या संत्र्यावर बसवलेलं शुल्क मात्र कुठलीच ग्रामपंचायत उतरवू शकत नाही. आमदारही नाही. तो विषय दिल्लीचा, म्हणजे खासदाराचा. आणि त्या विषयाचं निवेदन माझ्याकडं क्वचितच कुणी मागतं.

आमच्याकडं आणखी एक गंमत आहे. जिल्हा अमरावती, खासदार वर्ध्याचे. मोर्शी विधानसभा मतदारसंघ, ज्यात आमचं वरूड येतं, तो वर्धा लोकसभेत मोडतो. धामणगाव रेल्वेचंही तसंच. त्यामुळे आमच्या लोकांची कायम तक्रार, की खासदार परजिल्ह्यातला, त्याला आमचं काय? या तक्रारीवर माझ्याकडं एक उत्तर आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी एक खासदार असा होता, की ज्यांच्यासाठी तो सभागृहात उभा राहायचा त्यातल्या जवळपास कुणालाच त्याला मत देता येत नव्हतं. मत देणारे लंडनचे, आणि हिशोब मागायचा हिंदुस्थानच्या कोट्यवधी लोकांचा. दादाभाई नौरोजी.

शाळेच्या पुस्तकानं त्यांना पांढऱ्या दाढीत आणि पारशी टोपीत बसवून ठेवलंय. 'भारताचे पितामह', 'संपत्तीचं निःसारण', दोन मार्कांचा प्रश्न, संपलं. हा माणूस खासदार म्हणून काय काम करायचा हे कुणी शिकवत नाही. माझ्या मते शिकवण्यासारखं तेच आहे.

दादाभाई १८२५ साली पारशी पुरोहिताच्या घरात जन्मले. वडील गेले तेव्हा ते चार वर्षांचे होते, आईनं वाढवलं. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत शिकले आणि तिथंच गणित व भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्या जागेवर बसणारे पहिले हिंदी गृहस्थ. तरुणपणी मित्रांबरोबर मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या, मराठी आणि गुजराती. १८५५ साली कामा कंपनीचे भागीदार म्हणून लंडनला गेले. पुढं स्वतःची पेढी काढली ती कापसाच्या व्यापाराची. वऱ्हाडातल्या माणसानं हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. त्यांच्या हिशोबाच्या वहीत कापूस पहिल्यापासून होता.

गणिताच्या मास्तराला आकड्यांचं वेड असणारच. सरकार दरसाल म्हणायचं, हिंदुस्थान सुखी आहे, समृद्धी वाढते आहे. दादाभाईंनी विचारलं, माणशी किती? याचं उत्तर कुणाकडं नव्हतं, कारण प्रश्नच कुणी केला नव्हता. मग त्यांनी सरकारचेच प्रांतवार अहवाल काढले. किती एकरांत काय पेरलं, एकरी काय पिकलं, बाजारात काय भाव होता. त्यात मीठ, कोळसा, कारखान्यांचा माल धरला आणि लोकसंख्येनं भागलं. उत्तर आलं, वर्षाला माणशी सुमारे २० रुपये. हिशोब १८६७–६८ सालचा.

इथवर कुणीही हुशार कारकून पोचला असता. पुढची पायरी खरी वकिली होती. वीस रुपये फार की थोडे, हे ठरवायचं कशावरून? दादाभाई तुरुंगाच्या अहवालाकडं वळले. सरकार एका कैद्याच्या अन्नवस्त्रावर वर्षाला किती खर्च करतं? तो आकडा वीस रुपयांहून जास्त निघाला. म्हणजे तुरुंगातल्या माणसाला जगवायला सरकारच्याच मते जेवढं लागतं, तेवढंही बाहेरच्या मोकळ्या माणसाच्या वाट्याला येत नव्हतं. शिवी नाही, घोषणा नाही. सरकारचे दोन कागद शेजारी शेजारी ठेवले, बस्स. मी इतकी वर्षं अर्ज लिहितोय. समोरच्या खात्याचाच कागद त्याच्यापुढं ठेवण्याइतका जबर मुद्दा दुसरा नसतो, हे अनुभवानं सांगतो.

आजचे अर्थशास्त्रज्ञ त्या हिशोबात खोट काढतात. अमकं धरलं नाही, तमकं कमी धरलं. काढोत. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढं जे घडलं ते. सरकारला स्वतःचा आकडा काढणं भाग पडलं. १८८२ साली अर्थखात्याचे सदस्य एव्हलिन बेअरिंग आणि डेव्हिड बार्बर यांनी माणशी २७ रुपये काढले. दादाभाईंनी बेअरिंगकडं त्या हिशोबाचा तपशील मागितला, तो मिळाला नाही. १९०१ साली व्हाइसरॉय कर्झन म्हणाला, ३० रुपये. वीस, सत्तावीस, तीस, काहीही धरा. 'समृद्धी' हा शब्द कुठल्याच आकड्यात बसत नव्हता. एका माणसानं मागितला म्हणून हा हिशोब जन्माला आला.

आता निवडणूक. १८८६ साली होबर्न मतदारसंघातून ते पडले. दोन वर्षांनी पंतप्रधान सॉल्झबरी एडिंबराच्या सभेत बोलून गेले, की इंग्रज मतदार एखाद्या काळ्या माणसाला निवडून देतील इतके अजून पुढं गेलेले नाहीत. झालं! जे नाव होबर्नबाहेर फारसं कुणाला माहीत नव्हतं, ते एका वाक्यानं साऱ्या इंग्लंडभर झालं. सॉल्झबरींना स्वप्नातही वाटलं नसेल की आपण समोरच्याचा एवढा फुकट प्रचार करतोय. १८९२ च्या जुलैत सेंट्रल फिन्सबरीतून दादाभाई लिबरल पक्षाकडून उभे राहिले. प्रतिस्पर्धी कॅप्टन पेंटन. दादाभाईंना मतं २,९६१, पेंटनना २,९५६. पाच मतांनी जिंकले! आपल्याकडं सरपंचाच्या निवडणुकीत असं झालं तर फेरमोजणी, कोर्ट, आणि दोन वर्षं गावात चहा बंद. इंग्रजांनी त्यांच्या आडनावावर कोटी करून 'नॅरो मेजॉरिटी' असं नाव पाडलं. त्यांनी बायबलऐवजी अवेस्तावर हात ठेवून शपथ घेतली आणि कामाला लागले.

खासदाराला तेव्हा पगार नव्हता. तो तिथं १९११ साली सुरू झाला. तेव्हा वय झालेल्या, धंद्यात एकदा चांगलाच फटका खाल्लेल्या या माणसानं पदरमोड करून खासदारकी केली. फिन्सबरीकडं दुर्लक्षही केलं नाही. क्लर्कनवेलचे घड्याळ बनवणारे कारागीर आणि छोटे दुकानदार हे त्यांचे मतदार. आयर्लंडचं स्वराज्य, स्त्रियांचा मताधिकार, कामगारांचे आठ तास या सगळ्यांच्या बाजूनं ते होते. पण खरं काम भारताच्या खर्चाचं. भारताची तिजोरी कुणाच्या पायी रिकामी होते आहे?

यादी वाचली तर हसावं की रडावं कळत नाही. लंडनच्या इंडिया ऑफिसातल्या कारकुनांचे पगार भारत देई. निवृत्त गोऱ्या अधिकाऱ्यांची पेन्शनं भारत देई. भारतमंत्री इंग्लंडच्या मंत्रिमंडळात बसायचा, त्याचा पगारही १९१९ चा कायदा होईपर्यंत भारताच्या तिजोरीतून जायचा. १८६७ साली तुर्कस्तानचा सुलतान लंडनला आला, त्याच्या सन्मानार्थ इंडिया ऑफिसात मोठा नाचाचा समारंभ झाला, आणि त्याचं बिल भारताच्या नावावर! वऱ्हाडातल्या शेतसाऱ्यात त्या नाचाच्या मेणबत्त्यांचे पैसे होते का, हे विचारणारा एक तरी माणूस त्या सभागृहात असायला हवा होता. दादाभाई तो माणूस होते.

भारताचं बजेट तिथं अधिवेशनाच्या अगदी शेवटी यायचं, सभासद सुट्टीला निघालेले असायचे, बाकं रिकामी. हे वाचताना मला आपलं लोकसभेतलं गिलोटिन आठवतं. बहुतेक खात्यांच्या मागण्या चर्चेविना, एका दमात मंजूर. २०२३ च्या मार्चमध्ये तर ४५ लाख कोटींचं सगळंच बजेट गोंधळात चर्चेशिवाय पास झालं. त्या रिकाम्या बाकांवर परके होते, या बाकांवर आपलेच आहेत. एवढाच फरक.

मोठं काही हाती लागलं का दादाभाईंच्या? खरं सांगायचं तर लगेच काही नाही. २ जून १८९३ ला, आयसीएसची परीक्षा लंडनबरोबर भारतातही घ्यावी असा ठराव हाउस ऑफ कॉमन्समध्ये ८४ विरुद्ध ७६ मतांनी पास झाला. सरकारनं तो गुंडाळून ठेवला. १८९५ साली भारताच्या खर्चाची चौकशी करायला वेल्बी आयोग नेमला गेला. त्यात दादाभाई, विल्यम वेडरबर्न आणि केन असे तीन सभासद भारताच्या बाजूचे. दादाभाई आयोगाचे सभासदही होते आणि आयोगापुढं साक्षीलाही बसले. १८९७ साली गोखले, दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी, सुब्रमण्य अय्यर असे चौघे इथून साक्ष द्यायला गेले. अहवाल आला १९०० साली, आणि बहुमतवाल्यांनी या तिघांचं म्हणणं बाजूला सारलं. तोवर दादाभाई १८९५ च्या निवडणुकीत पडलेही होते. खासदारकी जेमतेम तीन वर्षांची.

मग उपयोग काय, असं कुणी विचारील. तहसीलच्या पायरीवर बसून मी याचं उत्तर रोज पाहतो. अर्ज फेटाळला तरी तो आवक नोंदवहीत चढतो. त्याला क्रमांक मिळतो. पुढं अपील करायचं तर त्या क्रमांकाशिवाय होत नाही. स्वराज्याच्या चळवळीनं पुढची वीस वर्षं जे आकडे सांगितले, ते या माणसानं आधी सरकारच्या दप्तरात चढवून ठेवलेले होते. १८९४ साली नाताळातून गांधी नावाचा एक तरुण वकील मताधिकाराच्या अर्जासाठी मदत मागत होता, ती याच लंडनच्या पत्त्यावर.

यात आपल्या अमरावतीचाही हात होता, हे इथल्या कॉलेजातल्या पोरांना सहसा माहीत नसतं. रघुनाथ नरसिंह मुधोळकर, अमरावतीचे वकील. १८९० साली काँग्रेसनं इंग्लंडला जे शिष्टमंडळ पाठवलं, त्यात सुरेंद्रनाथांबरोबर ते होते. पुढं १९१२ साली ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले. आणि १८९७ च्या डिसेंबरात, म्हणजे ज्या वर्षी ते चौघे साक्ष देऊन आले त्याच वर्षी, काँग्रेसचं तेरावं अधिवेशन भरलं ते आपल्या अमरावतीत. शंकरन नायर अध्यक्ष, स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे. टिळक तेव्हा तुरुंगात होते. पुण्यात प्लेग, मुलखात दुष्काळ सरत आलेला. त्या मांडवात बसलेल्या वऱ्हाडी माणसाचा खासदार कोण होता? कुणीच नाही.

कागदावर बघितलं तर वऱ्हाडी माणूस धड इंग्रजांची प्रजाही नव्हता. १८५३ साली निजामानं फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. मुलूख निजामाचा, कारभार इंग्रजांचा, सारा आपल्या बापजाद्यांचा. १९०२ साली कर्झननं तेच कायमच्या पट्ट्यानं घेतलं, वर्षाला २५ लाख रुपये देऊन. अख्ख्या वऱ्हाडाचा मक्ता! ज्यांच्या जमिनीचा सौदा झाला त्यांना कुणी विचारलंही नाही.

दुसऱ्या बाजूचे खासदार मात्र झोपलेले नव्हते. लँकेशायरचे. १८९४ साली सरकारी तिजोरीत खडखडाट झाला म्हणून भारतात येणाऱ्या मालावर जकात बसली, आणि वर्षाअखेर विलायती कापडही त्यात आलं. मँचेस्टरच्या गिरण्यांनी आपल्या खासदारांना धारेवर धरलं. १८९५ च्या फेब्रुवारीत कॉमन्समध्ये त्यावर ठराव आला. तो पडला, पण दबाव राहिला. १८९६ साली काय झालं? विलायती कापडावरची जकात साडेतीन टक्क्यांवर उतरवली, आणि इथल्या गिरण्यांत विणलेल्या कापडावर तेवढीच साडेतीन टक्के अबकारी बसवली. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ पासून चालू होती, आपला कापूस तिथं जायचा. आपल्याच मुलखात, आपल्याच कापसाच्या, आपण विणलेल्या कापडावर दंड, का तर मँचेस्टरचं कापड मागं पडू नये. हा कर जायला १९२५ साल उजाडावं लागलं. लँकेशायरच्या मतदारांनी आपल्या खासदाराकडं काय मागितलं होतं ते बघा. त्यांनी सभामंडप मागितला नाही. जकात मागितली.

आणि ती गोष्ट आजही तशीच चालू आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, अमेरिकेनं भारतीय मालावर जबर टॅरिफ लावलं त्या सुमारास, केंद्रानं बाहेरून येणाऱ्या कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढून टाकलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे वऱ्हाडातला कापूस वेचणीला यायचा नेमका तोच काळ. कापड गिरण्यांची अडचण असेल, त्यांची बाजू असेल, मी नाही म्हणत नाही. पण आपली बाजू मांडायची जागा लोकसभा आहे. त्या महिन्यांत माझ्या टेबलावर हायमास्टची निवेदनं येत होती.

संत्र्याचं तेच. नागपुरी संत्र्याचं मोठं गिऱ्हाईक बांगलादेश. तिथल्या सरकारनं किलोमागं वीस टक्यांचं (टका म्हणजे तिकडचं चलन) शुल्क वाढवत वाढवत २०२३ पर्यंत ८८ टक्यांवर नेलं. व्यापाऱ्यानं माल उचलणं आखडतं घेतलं, बागेत फळ लोंबून राहिलं, राज्य सरकारनं अनुदानाची घोषणा केली. दुसऱ्या देशाच्या शुल्कावर बोलणी करणार कोण? वाणिज्य मंत्रालय. त्या मंत्रालयाला जाब विचारणार कोण? लोकसभेचा सभासद. शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकांतून साऱ्या देशात संत्र्याची कलमं जातात, वरूडच्या रेल्वे स्टेशनच्या पाटीवर 'ऑरेंज सिटी' लिहिलंय, बोअर खोल नेऊन नेऊन तालुक्यातलं पाणी आटत चाललंय. एवढं सगळं ज्या एका फळाच्या नावावर, त्या फळाचा प्रश्न विचारणं हे खासदाराचं पहिलं काम नाही का?

बरं, खासदार निधीचा हिशोब मांडून बघू. वर्षाला ५ कोटी. एका लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा मतदारसंघ. समान वाटले तर एकाला ८३ लाख. त्यात मोर्शी आणि वरूड हे दोन तालुके. आणि तोच खासदार ज्या केंद्रीय बजेटवर मत देतो ते २०२५–२६ साली ५० लाख कोटींच्या वर होतं. आपण त्याला गाठतो ते या ८३ लाखांतल्या तुकड्यासाठी. पन्नास लाख कोटींत संत्र्याला काय, कापसाला काय, हे विचारायला नाही. मोठ्या वाड्याची राखण करायला ठेवलेल्या माणसाकडून आपण नुसती अंगणातली झाडलोट करून घेतो, आणि वर म्हणतो वाड्यात चोरी झाली.

दादाभाईंनंतर आणखी दोन पारशी ब्रिटिश पार्लमेंटात गेले. मंचरजी भावनगरी १८९५ ला काँझर्व्हेटिव्ह पक्षाकडून. ते साम्राज्याचे इतके भक्त की काँग्रेसवाल्यांनी त्यांची टर उडवली, तरी दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांचा प्रश्न त्यांनी लावून धरला. तिसरे शापुरजी सकलातवाला. हे आपल्या विदर्भाच्या मातीतून गेलेले. जमशेदजी टाटांचे भाचे. टाटांना पोलादाचा कारखाना काढायचा होता, म्हणून १९०४ साली दोराबजी टाटा आणि अमेरिकन भूगर्भतज्ज्ञ वेल्ड यांच्यासोबत ते चांद्याच्या जंगलात लोखंड शोधत हिंडले. तिथं मनासारखं सापडलं नाही. तब्येत बिघडली, १९०५ साली ते इंग्लंडला गेले. एका हॉटेलात काम करणाऱ्या सॅली मार्शशी लग्न केलं आणि कामगार चळवळीत पडले. टाटांचा भाचा १९२२ साली लंडनच्या बॅटरसी मतदारसंघातून निवडून आला, पुढच्या वर्षी पडला, आणि १९२४ साली उघड कम्युनिस्ट म्हणून पुन्हा निवडून आला. बॅटरसीचे गरीब गोरे मजूर मत द्यायचे आणि हा माणूस मुंबईच्या गिरणीतल्या मजुराचा पगार काढायचा. त्याचं म्हणणं साधं होतं : तिकडच्या मजुराला उपाशी ठेवलं तर उद्या तुमचाही पगार कापला जाईल. १९२६ च्या सार्वत्रिक संपाच्या तोंडावर, सैनिकांनी कामगारांवर गोळी चालवू नये असं हाइड पार्कमधल्या भाषणात बोलले म्हणून दोन महिने तुरुंगात गेले. १९२७ साली भारतात येऊन गांधीजींशी चरख्यावरून जाहीर वाद घातला. त्यानंतर त्यांना मायदेशात यायची परवानगीच मिळाली नाही. १९३६ साली लंडनलाच गेले.

सकलातवालांची राजकीय मतं मला सगळी पटत नाहीत. गांधींच्या बाजूनं माझं मत पडलं असतं, आमच्या घरात आजोबांनी सूत काढलेलं आहे. पण मतदार दूर, माणसं परकी, पक्ष वेगळे, असं असूनही हे लोक तिथं उभं राहून भारताचं विचारत होते. आमचे लोक वर्ध्याचं अंतर मोजत बसतात.

ऋषी सुनक पंतप्रधान झाले तेव्हा इथंही मोबाइलवर पेढे वाटले गेले. वाटा बापा. पण भारतीय रक्ताचा माणूस ब्रिटनच्या पार्लमेंटात जाणं ही आता बातमी राहिलेली नाही. बातमी असावी ती लोकसभेतल्या प्रश्नाची. रोज २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात. अतारांकित प्रश्नाचं उत्तर लेखी येतं, मंत्र्याच्या नावानं येतं, संकेतस्थळावर राहतं. कुणीही वाचू शकतं. मी वाचतो. केरळच्या सभासदांना रबराची, हिमाचलच्या सभासदांना सफरचंदाची किती काळजी असते ते वाचून बघा. आयात होणाऱ्या सफरचंदाबद्दल प्रश्नावर प्रश्न. संत्रं शोधावं लागतं.

मला कुणी म्हणेल, खासदार सत्तेत असला तर विचारणार नाही, विरोधात असला तर त्याचं कुणी ऐकणार नाही. फिन्सबरीचे दादाभाई सत्ताधारी लिबरल पक्षातच होते, ग्लॅडस्टन पंतप्रधान होते. आयसीएसचा ठराव आपल्याच सरकारच्या मनाविरुद्ध पास झाला. आपल्याकडं पक्षादेश कडक आहे हे मान्य, पण प्रश्न विचारायला पक्षादेश आडवा येत नाही. तो मतदानाला येतो.

परवा राजुरा बाजारकडचा एक बागवाला आला होता. त्याला म्हटलं, या वेळी वेगळं लिहू. किती झाडं? यंदा फळगळ किती? व्यापाऱ्यानं काय भाव बोलला आणि शेवटी काय दिला? माल कुठल्या बाजारात गेला?

तो म्हणे, "एवढं काहून पायजे? साहेब वाचते का?"

"साहेबाले वाचाले नाही, विचाराले पायजे."

त्यानं खिशातून डायरी काढली. सगळं लिहिलेलं होतं, फवारणीच्या तारखांसकट. आपल्या शेतकऱ्याकडं आकडे नाहीत असं जे म्हणतात त्यांनी अशा डायऱ्या बघाव्यात. त्या डायरीतून दोन पानांचं निवेदन झालं, आणि शेवटी प्रश्न घातले : गेल्या पाच वर्षांत बांगलादेशाला किती संत्रं गेलं, शुल्काबद्दल त्या सरकारशी कधी बोलणी झाली, दुसऱ्या देशांत बाजार शोधायला किती पैसा ठेवला, त्यातला खर्च किती झाला.

हिवाळी अधिवेशन नोव्हेंबरच्या शेवटी नाहीतर डिसेंबरात भरतं. आंबिया बहाराचं फळ तेव्हा झाडावर नाहीतर ट्रकमध्ये असतं. प्रश्नाची सूचना पूर्ण पंधरा दिवस आधी द्यावी लागते, म्हणजे आपला कागद खासदारांच्या कार्यालयात दिवाळीच्या आसपास पोचला पाहिजे. शेंदूरजना, जरूड, पुसला, बेनोडा, लोणी, जिथं बाग आहे तिथून एकेक निघाला तरी पुष्कळ. त्यासाठी दौऱ्याची वाट बघायची गरज नाही, हारतुरे नकोत, फोटो नको. स्पीड पोस्टानं पाठवावा आणि पावती जपून ठेवावी.